चाकांखालची इरियावही



चातुर्मास बसण्याआधीचा रविवार. आषाढी चौदसीनंतर मी गावाबाहेर जात नाही, हे घरात सगळ्यांना माहीत, म्हणून मुलगा मागे लागला, "मम्मी, आत्ताच धबधबा बघून येऊ." नवकारशी पारून, थेपले आणि गाळलेलं पाणी घेऊन, त्याच्या फोर बाय फोर गाडीने नेरे, मालडुंगेमार्गे निघालो. पाऊस वाढला की गाढेश्वर परिसरात बंदी लागते, म्हणून आधी चौकशी केली होती.

देहरंग धरण मागे पडलं, धोदाणी आलं. माथेरानच्या डोंगरावरचं हे पाणी गाढी नदीतून देहरंगला अडतं आणि आपल्या पनवेलच्या नळाला येतं. गावापुढे डांबर संपलं. पुढे लाल चिखल आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. ओढ्यापाशी मुलाने खाली उतरून काठीने पाणी मोजलं. गुडघ्याच्या खालीच होतं. मग चारही चाकांना जोर लावून पहिल्या गिअरमध्ये त्याने गाडी पाण्यात घातली. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

पलीकडच्या चढावर गाडी मुंगीच्या पावलाने जात होती. खिडकीतून बघते तर वाटभर लाल ठिपके. मृगाचे किडे!

"थांबव."

"मम्मी, इथवर आलो तेव्हा चाकाखाली काय काय आलं असेल? आणि एक्स्प्रेसवेवर काचेला चिकटतात ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इरियावही मी लहानपणापासून म्हणते. बी, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळं, शेवाळ, ओली माती, कोळ्याची जाळी... जाता-येता दुखावलेल्या जीवांची ती आठवण. रोज सामायिकात पंख्याखाली बसून तोंडपाठ म्हटलेलं सगळं त्या वाटेवर पसरलं होतं.

गाडी तिथेच कडेला ठेवली. महाराजसाहेब चालतात तसं चार हात पुढची जमीन बघत पायी निघालो. पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. मुलगा पुढे होता, थोड्या वेळाने तोच म्हणायला लागला, "मम्मी, इथे जपून." धबधबा लांबूनच पाहिला, थेपले खाल्ले आणि सूर्यास्ताच्या आत घरी पोचलो.

गाडी त्याच वाटेने परत आणावी लागली. दोष लागला नाही असं कसं म्हणू? पण त्या संध्याकाळी इरियावही सावकाश झाली. माफी कुणाची मागतेय, ते डोळ्यांसमोर होतं.

मिच्छामि दुक्कडम्.