रोजच्या भाकरीची यादी

आमचा भाग सौंसर-पांढुर्ण्याचा. कागदावर मध्य प्रदेश, बोलण्यात मराठी. 1956 साली राज्यं नव्यानं झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही इकडंच राहिलो. तेव्हापासून आमचा खसरा हिंदीत आणि धुऱ्याचं भांडण मराठीत. देवाच्या बाबतीतही तसंच. चर्चमधली उपासना हिंदीत होते, घरची प्रार्थना मराठीत. आजवर देवानं याची तक्रार केलेली नाही.

आम्ही लुथरन. बाजारात कोणी विचारतं, "काकाजी, तुमी म्हंजे नेमके कोनते ख्रिस्ती?" मग सांगावं लागतं. जर्मनीत मार्टिन लूथर नावाचा एक संन्यासी होता. माणूस देवाच्या कृपेनं तरतो, पैसे मोजून किंवा पुण्याचा ढीग रचून तरत नाही, हे त्यानं 1517 पासून उघड सांगायला घेतलं. त्याच्या पंथाचा झीगेनबाल्ग 1706 साली समुद्रमार्गे तमिळ मुलखात तरंगंबाडीला उतरला. आमच्या मध्य प्रांतात 1877 साली स्वीडनचे मिशनरी आले. त्यांच्यामुळं आमच्या घराण्यात माझ्या आजोबांच्या वडिलांचा पहिला बाप्तिस्मा झाला. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपतो आणि तो संत्र्याचा भाव विचारतो.

पण लुथरन म्हणजे काय, हे मला या इतिहासातून कळलं नाही. ते कळलं घरच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतून.

लूथरनं 1529 साली साध्या माणसांसाठी एक लहान प्रश्नोत्तरी लिहिली. घरच्या कर्त्यानं आपल्या लेकराबाळांना आणि गड्यांना ती शिकवावी, असा तिचा हेतू. दृढीकरणाच्या वर्गात आम्ही ती पाठ करायचो. तिच्यात रोजच्या प्रार्थनेची रीत दिली आहे. सकाळी उठल्यावर क्रुसाची खूण करायची. गुडघे टेकून किंवा उभं राहून विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. वाटलं तर आणखी एक छोटी प्रार्थना. आणि मग आनंदानं कामाला लागायचं. रात्रीही तसंच, फक्त शेवटी लगेच, निश्चिंत झोपून जायचं.

आमच्या घरी हे सगळं पाच-सात मिनिटांत उरकायचं, कारण गोठ्यात ढोरं ओरडत असायची. आजी उभ्यानंच प्रार्थना म्हणायची, तिचे गुडघे वाकत नव्हते. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं, "आनंदानं कामाला लागा म्हंजे काय? शेण काढाले कोनाले आनंद होते?" बाबा म्हणाले, "शेन काढल्यानं देव खूश होते असं नाई. देव आधीच खूश हाय, म्हनून आता निवांत शेन काढ." तेव्हा ते डोक्यावरून गेलं. पुढं कित्येक पाळकांची प्रवचनं ऐकली, पण कृपेचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगितलेला मला दुसरीकडं मिळाला नाही.

रात्रीचं झोपेचं मात्र बाबांना अवघड जायचं. सावकाराचं देणं होतं. प्रार्थना झाली की ते मोठ्यानं म्हणायचे, "आजचा हिसाब देवापाशी देल्ला, आता चोपडी बंद." कधी लगेच घोरायला लागायचे, कधी अर्ध्या रात्री बाजेची करकर ऐकू यायची. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाक्य. मी त्यांची नक्कल करून भावंडांना हसवायचो. आता त्यांच्या वयाला आल्यावर तेच वाक्य मीही म्हणतो.

लूथरनं 1535 साली आपल्या न्हाव्यासाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. पेटर त्याचं नाव. प्रार्थना कशी करावी, असं त्यानं विचारलं होतं. एवढा विद्वान माणूस, अर्ध्या युरोपाशी वाद घालणारा, तो न्हाव्याच्या प्रश्नावर पुस्तक लिहायला बसला, हे मला फार आवडतं. त्यात तो म्हणतो, की चांगल्या न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं. गप्पांत मन गेलं तर तो गिऱ्हाइकाचं नाक कापील, नाहीतर गळा. प्रार्थनेतही तसंच मन लागलं पाहिजे. शिवाय, आधी हे काम उरकतो, मग तासाभरानं प्रार्थना करतो, असं म्हणू नका. एकातून दुसरं काम निघतं आणि दिवस जातो. शेतकऱ्याला हे निराळं सांगायला नको. लाइन आली की मोटर, मोटर झाली की फवारणी, फवारणी होते न होते तोच व्यापारी दारात.

आता प्रभूच्या प्रार्थनेतल्या भाकरीबद्दल. रोजची भाकर आज आम्हाला दे, असं आपण मागतो. प्रश्नोत्तरीत पुढं विचारलं आहे, की रोजची भाकर म्हणजे काय? उत्तरात लूथर यादीच देतो. खाणंपिणं, कपडे, घर, शेत, ढोरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगली लेकरं, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, भरवशाचे मित्र आणि प्रामाणिक शेजारी. तेराव्या-चौदाव्या वर्षी ही यादी पाठ करताना मला वाटलं, हा माणूस नक्की आमच्याकडं शेती करून गेला असणार. शेतकऱ्याला जे जे लागतं ते सगळं त्यानं एका भाकरीत घातलं. तहसीलदार कसा असावा, हीसुद्धा भाकरीचीच गोष्ट झाली.

तिथं आणखी एक वाक्य आहे. देव ही भाकर सगळ्यांना देतो, वाईट माणसांनाही, आणि कोणी न मागता देतो. मग मागायचं कशाला? तर भाकर कुणाकडून आली हे आपल्याला कळावं आणि ती आपण आभार मानून घ्यावी, म्हणून. हे वाक्य मी पाठ केलं त्याला चाळीसेक वर्षं झाली, तेव्हा त्याची परीक्षा आली.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रात आणि आमच्याकडं मोठी गारपीट झाली. माझ्या वाडीत मृगाचा माल झाडावर होता. व्यापाऱ्यानं इसार दिलेला, आठ दिवसांत तोडा होणार होता. दुसऱ्या झाडांवर आंबिया बहाराची फुलं. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं. आधी बोराएवढ्या गारा, मग लिंबाएवढ्या. दहा-पंधरा मिनिटं. नंतर वाडीत गेलो तर खाली संत्र्यांचा सडा आणि वर फाटलेली पानं. फांद्यांची सालं निघालेली. एका दुपारी दोन बहार गेले.

त्या रात्री आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो. बायको म्हणाली, "आज आभाराचं मी नाई म्हनत. तुमी म्हना." मी प्रभूची प्रार्थना म्हणत भाकरीपर्यंत आलो आणि पुढचं तोंडातून निघेना. बराच वेळ आम्ही गप्प बसलो. मग तिनंच उरलेली प्रार्थना पुरी केली आणि आमेन म्हटलं. आभार कोणीच मानले नाहीत. झोपही आली नाही.

ख्रिस्ती माणसानं नेहमी आनंदी असावं असं म्हणतात, आणि मग लोक उसनं हसू आणतात. मला त्या दिवसांत लूथरच्या मुलीची गोष्ट आठवत होती. माग्दालेना तेरा वर्षांची होती, 1542 साली वारली. ती देवाजवळ सुखरूप गेली म्हणून आपण आभार मानायला हवेत, हे लूथरला माहीत होतं. पण त्यानं मित्राला कळवलं, की मी आणि माझी बायको रडल्याशिवाय ते करूच शकत नाही. ज्यानं कृपा कृपा म्हणून जग हलवलं, त्याचीही ही अवस्था. त्यानं माझा जीव थोडा थंड झाला. देवाच्या कृपेत आनंद करणं म्हणजे रडू दाबणं नव्हे. स्तोत्रसंहितेत आनंदाची स्तोत्रं आहेत तशी आक्रोशाचीही आहेत, एकाच पुस्तकात.

नाल्यापलीकडच्या शेजाऱ्याची वाडी बरीचशी वाचली. गारांचा पट्टा तसाच असतो, एका बांधावर संपतो. तो पाहायला आला आणि खाली बसून म्हणाला, "काकाजी, तुमी दोन टाइम प्रार्थना करता. मी वर्साकाठी एक नारळ फोडतो. मंग तुमचीच वाडी काहून झोडपली?" त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "प्रार्थना म्हंजे मजुरी असती, तर मी आज देवावर केस केली असती. पन ती मजुरी नोहे." एवढंच सुचलं.

नंतर त्यावर पुष्कळ विचार केला. प्रार्थनेच्या बदल्यात पीक मिळत असतं, तर माझं पीक ही माझी कमाई झाली असती आणि शेजाऱ्याचं वाचलेलं पीक ही देवाची चूक. आणि ज्याचं पीक गेलं तो पापी ठरला असता. आमच्या भागात त्या साली किती घरं बुडाली. त्या सगळ्यांना पापी कोण म्हणणार? उलट, देव न मागताही देतो, हे लूथरचं म्हणणं धरलं, की शेजाऱ्याची वाचलेली वाडीसुद्धा मला कृपाच दिसायला लागते. आधी जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी तोच शेजारी आपली माणसं घेऊन आला, पडलेल्यातला बरा माल वेचून दिला आणि स्वतःच्या गाडीतून बाजारात नेला. भाडं घेतलं नाही. यादीतला प्रामाणिक शेजारी तो हाच. भाकर आली होती, पण संत्र्याच्या झाडावरून आली नाही.

आमची मंडळी लहान. पोरं नागपूरला, भोपाळला नोकरीला गेली, रविवारी बाकांवर पांढरी डोकी जास्त. उपासनेच्या शेवटी ज्याला वाटेल त्यानं उभं राहून आभाराची गोष्ट सांगायची, अशी आमची पद्धत आहे. गारपिटीनंतरच्या रविवारी कोणी उठेना. शेवटी एक म्हातारी बाई उठली. तिच्या घराचे कवेलू फुटून आत पाणी झालं होतं. ती म्हणाली, कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिच्यावरचे कवेलू तेवढे शाबूत राहिले, त्याबद्दल देवाचे आभार. आधी एकजण हसला, मग सगळेच हसलो. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. घरी येताना म्हणाली, "आज रात्री मी म्हनीन आभार." झाडांना बोर्डो पेस्ट लावली, मोडक्या फांद्या छाटल्या. दोन वर्षांनी त्यांतली बरीच झाडं पुन्हा फळाला आली.

आता दृढीकरणाच्या वर्गाला पाळकसाहेब मला कधीमधी बोलावतात. प्रश्नोत्तरी पाठ झाली, की मी पोरांना भाकरीची आपापली यादी करायला सांगतो. मोबाइलची रेंज, क्रिकेटची बॅट, पेपरात पास होणं, सगळं येतं आणि मी काहीच खोडत नाही. मागच्या साली एका पोरानं एकच ओळ लिहिली होती: बाबा रात्री शुद्धीवर घरी येणे. कागद माझ्या हातात देऊन तो खाली पाहत उभा राहिला. मी म्हटलं, "बरोबर लिवलं बाप्पा. हेही भाकरीतच येते." त्या रविवारपासून आमची मंडळी त्यासाठी रोज प्रार्थना करते, कोणाचं नाव न घेता. त्याचा बाप अजून पितो. पोरगा मात्र दर रविवारी येतो आणि पुढच्या बाकावर बसतो.