पावतीवर नसलेला आकडा

आमच्या घराण्यात पुस्तक हातात धरणारे कमी, स्टिअरिंग धरणारे जास्त. अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्याचा ट्रक चालवला. मामूंचा स्वतःचा छोटा हत्ती आहे. खालाचा मुलगा आधी परभणी-जिंतूर रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचा, आता एका मालकाच्या पिकअपवर आहे. भाचा पुण्यात मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरतो. मी एकटाच शाळेत शिकवतो. शेतकऱ्याच्या घरी पावसाची चौकशी व्हावी तशी आमच्या घरी डिझेलच्या भावाची चौकशी होते. ईदला शिरखुर्म्याची वाटी हातात आली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतोच, "आज क्या भाव भरे?"

मामू पहाटे मोंढ्यातून भाजी आणि फळं भरतात आणि आठवडी बाजार गाठतात. आज सेलू, उद्या मानवत, परवा गंगाखेड. भाडं बागवान मंडळींशी एकदा ठरतं आणि वर्ष वर्ष बदलत नाही. डिझेलचा भाव मात्र १६ जून २०१७ पासून रोज ठरतो. रोज बदलणारा खर्च आणि वर्षभर न बदलणारी कमाई यांच्यामध्ये मामू बसलेले असतात. भाडं पन्नास रुपयांनी वाढवायचं म्हटलं की समोरचा म्हणतो, "चाचा, टोमॅटोला भाव नाही, तुम्हाला कुठून देऊ?" तोही खोटं बोलत नसतो. स्टँडवर रिकामे टेम्पो उभे असतात, त्यामुळे मामू जास्त ताणत नाहीत. संध्याकाळी हिशोब करताना म्हणतात, "गाडी हमारी, मालिक डिझेल."

परभणीचं नाव बाहेरच्या लोकांना फार कमी कारणांनी माहीत असतं. त्यातलं एक म्हणजे राज्यात सर्वांत महाग पेट्रोल मिळणाऱ्या शहरांत ते नेहमी वर असतं. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं तेव्हा मोठ्या बातम्या झाल्या. आम्ही ती शंभरी आधीच ओलांडली होती. आमचं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येतं. तीनशेहून जास्त किलोमीटरचा तो वाहतूक खर्च आमच्या लिटरमध्ये मिसळतो. इथवर समजण्यासारखं आहे, लांबून येणाऱ्या मालाला भाडं पडणारच. पण लिटरमधला मोठा तुकडा अंतराचा नाही, कराचा आहे.

२०१४ मध्ये केंद्राचा अबकारी कर पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे होता. त्या वर्षाच्या शेवटी जगात कच्चं तेल स्वस्त होऊ लागलं. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने नऊ वेळा कर वाढवला. तेल उतरलं, पण त्या उतरण्यातला मोठा भाग पंपापर्यंत पोचलाच नाही. मग २०२० आलं. टाळेबंदीत गाड्या उभ्या होत्या आणि हप्ते चालू होते. एप्रिलमध्ये भारत घेतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला २० डॉलरच्या आत आला. मे महिन्यात केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. डिझेलवरचा केंद्राचा कर ३१ रुपये ८३ पैसे झाला, म्हणजे २०१४ च्या जवळजवळ नऊ पट. ७ जूनपासून पंपावरचा भाव रोज चढू लागला. अडीच महिने घरी बसलेला ड्रायव्हर नेमका त्याच सुमारास गाडी बाहेर काढत होता.

पुढे कर खालीही आला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ अशा दोन वेळा केंद्राने तो कमी केला, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही थोडा कमी केला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा दोन रुपये चढवले. ते कंपन्यांनी सोसले, पंपावर दिसले नाहीत. पण तेव्हा कच्चं तेल उतरलेलं होतं, म्हणजे जी सवलत मिळू शकली असती ती मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या स्टँडवरच्या प्रत्येकाला पाठ आहे. भाव रोज बदलतो म्हणतात, पण निवडणूक आली की तो झोपतो. पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, नोव्हेंबर २०२१ पासून चार महिन्यांहून जास्त काळ तो हलला नाही. १० मार्च २०२२ ला निकाल लागले. २२ मार्च ते ६ एप्रिल या सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपये वाढले. हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

राज्याचीही गोष्ट ऐका. २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये अधिभार आला. दुष्काळ कुठे होता? मराठवाड्यात. म्हणजे ज्यांच्यासाठी मदत गोळा होत होती त्यांनीही ती भरली, आणि मुळातच महाग असलेल्या पंपावर भरली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण अधिभार काही पावसासोबत वाहून गेला नाही. २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, तिजोरीला खड्डा पडला, आणि एप्रिलमध्ये पेट्रोलवर आणखी तीन रुपये आले. मामूंनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण दारूच्या तुटीचा वाटा त्यांनीही त्यांच्या जुन्या स्कूटरच्या टाकीतून भरला. शिवाय राज्याचा व्हॅट केंद्राचा कर धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. वर रस्त्यांच्या नावाचा सेस लिटरमध्ये आहे, गाडी घेताना रोड टॅक्स भरलेला आहे, आणि महामार्गावर चढलं की फास्टॅग वाजतोच.

एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फुकट रेशनचा विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, "टॅक्स आपण भरायचा आणि खायचं या लोकांनी." 'हे लोक' कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. अशा वाक्यात ते सांगावं लागत नाही. माणूस वाईट नाही, माझ्या आजारपणात दोनदा घरी येऊन गेलेला आहे. मी वाद घातला नाही. पाठकोऱ्या कागदावर त्यांच्यासमोर मामूंचा हिशोब मांडला.

२०२५ चे दर धरा. आमच्याकडे डिझेल लिटरला नव्वदच्या वर. त्यात केंद्राचे १७ रुपये ८० पैसे आणि राज्याचा २१ टक्के व्हॅट मिळून साधारण ३३ रुपये कर. मामूंची गाडी दिवसाला सहा लिटर डिझेल पिते. म्हणजे रोज दोनशे रुपये कर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाच हजार, वर्षाला साठ हजारांच्या आसपास. मामूंच्या हातात महिन्याला वीस हजार उरले तर तो महिना चांगला म्हणायचा. आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर शून्य केला. मी सहकाऱ्यांना एवढंच म्हणालो, "सर, आता सांगा, या दोघांत करदाता कोण?"

ते म्हणाले, "डिझेलचा खर्च भाड्यातून निघतोच की." काही अंशी निघतो, हे खरं आहे. म्हणूनच सेलूच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घेणारी बाईही हा कर भरते, तिला ते माहीत नसतं इतकंच. पण सगळा निघत नाही. मोठा कारखाना कच्च्या मालावर जीएसटी भरतो तेव्हा त्याची वजावट त्याला मिळते. डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे मामूंना कसलीच वजावट नाही. जो भाव वाढवून घेऊ शकतो तो कर पुढे ढकलतो, ज्याला ते जमत नाही त्याच्या ताटातून तो जातो.

हे लिहिताना मला पेट्रोल पाण्याच्या भावात मिळावं असं म्हणायचं नाही. आपण वापरतो त्यातलं बहुतेक तेल बाहेरून विकत आणतो. धुराची किंमत आहे, रस्त्यांना पैसा लागतो, माझा पगारही करांतूनच होतो. टाळेबंदीत सरकारचं उत्पन्न आटलं होतं आणि लोकांना धान्यही द्यायचं होतं. इंधनावरचा कर गोळा करायला सोपा आहे. तो तेल कंपन्यांकडूनच वसूल होतो, सरकारला मामूंच्या दारात निरीक्षक पाठवावा लागत नाही. अडचण इथेच आहे. जो कर घ्यायला इतका सोपा, तो वाढवायलाही सोपा असतो, कारण घेताना कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

आणि विचारायला जावं तर दार कोणतं? केंद्र म्हणतं, राज्यांनी व्हॅट कमी करावा. राज्य म्हणतं, केंद्राने सेस कमी करावा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. २०२१ नंतर पेट्रोलवरच्या केंद्राच्या करात मूळ अबकारी फक्त १ रुपया ४० पैसे होती. बाकी सगळे सेस आणि विशेष कर, ज्यांचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. मग राज्यं व्हॅट धरून बसतात. जीएसटीत आणायचा विषय १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत निघाला आणि आता ती वेळ नाही असं ठरलं. त्या टेबलावर केंद्र होतं, सगळ्या पक्षांची राज्यं होती. स्टँडवरचा माणूस नव्हता.

मग त्याचा राग कुठे जातो? जो समोर दिसतो त्याच्यावर. "मशीन शून्यावर आणलंस का?" म्हणून पंपावरच्या बारा तास उभ्या असलेल्या पोरावर. जीपमध्ये दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या म्हातारीवर. घरी आल्यावर बायकापोरांवर. खालाच्या मुलाने काळी-पिवळी विकली तो महिना मला आठवतो. भाडं वाढवलं तर प्रवासी एसटीकडे जात होते, नाही वाढवलं तर हप्ता थकत होता. दोन माणसं जास्त बसवली की दंड होत होता. तो रोज कुणाशी ना कुणाशी भांडून घरी यायचा. ज्यांच्याशी भांडला त्यांपैकी एकानेही डिझेलचा भाव ठरवलेला नव्हता.

मला मोठी मागणी करता येत नाही, मी एक छोटी करतो. विजेच्या बिलावर वीज शुल्क वेगळं छापलेलं असतं. मोबाइलच्या बिलावर जीएसटी असतो. हॉटेलात डोसा खाल्ला तरी केंद्राचा किती आणि राज्याचा किती, ते दोन ओळींत लिहिलेलं असतं. पंपाच्या पावतीवर मात्र लिटर, दर आणि रक्कम एवढंच. तिथेही तीन ओळी छापा: तेलाचे इतके, केंद्राचे इतके, राज्याचे इतके. आकडे सरकारकडे आणि कंपन्यांकडे तयार आहेत, शाई तेवढी जास्त लागेल.

याने भाव एक पैशानेही उतरणार नाही, हे मला कळतं. पण रोज दोनशे रुपये भरणाऱ्या माणसाला निदान आपण कुणाला किती दिले ते वाचता येईल. पुढच्या वेळी मत मागायला आलेल्याला काय विचारायचं ते त्याला कळेल. आणि कुणी तोंडावर 'आमच्या टॅक्सवर जगणारे' म्हटलं, तर भांडायची गरज पडणार नाही. खिशातली पावती काढून दाखवली की पुरे.