डिंगोऱ्याची बराखी

माळशेज घाट चढून ओतूरकडे निघालो, की वाटेत डिंगोरे लागते. लोक घाटातले धबधबे पाहतात, आम्ही कांद्याची बराखी पाहायला थांबलो.

घराला जाड भिंती, बराखीला भिंतच नाही! जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर उतरते छप्पर. वारा खालून शिरतो आणि कांद्यातून आरपार जातो. ढीग पाच फुटांच्या वर गेला, की खालचा कांदा दबून सडतो. नीट भरला तर उन्हाळी कांदा दिवाळीपर्यंत टिकतो, भावाची वाट पाहता येते. पण वाट पाहणार तो बराखीचा मालक. भरणाऱ्या, निवडणाऱ्या बाया रोजावर.

शेजारीच जुने खळे होते. अशाच खळ्यांच्या कडेला आमची वाडवडील माणसे बलुत्याच्या धान्यासाठी उभी राहत. १९५८ च्या कायद्याने वतन गेले, ते उभे राहणेही गेले.

बराखीतल्या मावशींनी आम्हांला आत बोलावले. म्हणाल्या, "सडका कांदा डोळ्यांआधी नाकाला कळतो." आणि ढिगात हात घालून त्यांनी नेमका तोच बाहेर काढला.