पुतणीचा संघ आणि बोंडअळी

जालन्यास बियाण्यांचें गांव म्हणतात तें उगाच नव्हे. कै. बद्रीनारायण बारवाले यांनीं 1964 सालीं येथें महिको कंपनी काढिली, आणि 2002 सालीं तिच्या बीटी कपाशीस सरकारची परवानगी मिळाली. एका जीवाणूचा जनुक कपाशींत घातल्यानें बोंडअळी मरूं लागली. आरंभीं फवारण्याही कमी झाल्या.

हें आठवण्याचें कारण आमची पुतणी. तिचा महाविद्यालयीन संघ 'आयजेम' स्पर्धेंत उतरत आहे. जीवाणूंच्या अंगीं नवे गुण घालून त्यांजकडून उपयुक्त काम करवून घेण्याची ही विद्यार्थ्यांची चढाओढ 2004 सालीं अमेरिकेंतील एमआयटींत 5 संघांनिशीं सुरू झाली. गुलाबी बोंडअळीची चाहूल देणारा जीवाणू घडवावा, हा या मुलांचा हेतु. वडील मंडळी कौतुकानें ऐकत होती. आम्हांस मात्र बीटीभोवतींच्या ओळी आठवल्या.

शेताच्या कडेनें साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या, म्हणजे तेथील पतंगांशीं संकर होऊन विष पचविणाऱ्या अळ्यांचा वंश माजणार नाहीं, अशी शास्त्रज्ञांची योजना होती. योजना बरोबरच होती. पण दोन एकरांच्या धन्यानें अळ्या पोसण्यास ओळी कां सोडाव्या? बहुतेकांनीं त्या लाविल्याच नाहींत. 2017 सालीं विदर्भ-मराठवाड्यांत गुलाबी बोंडअळीनें बीटीचींच बोंडें पोखरलीं. (लांबविलेला हंगाम वगैरे इतर कारणेंही होतींच.)

ज्यांच्यासाठीं शोध लावावयाचा त्यांच्याशीं बोलणें हाही या स्पर्धेंतील परीक्षेचा भाग आहे, हें आम्हांस फार आवडलें. संघानें तें काम अखेरच्या महिन्यांत ठेविलें होतें. आमच्या आग्रहावरून तें आतां पहिल्या महिन्यांत आलें आहे.