मोजणी कुठून?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर तिने पहिला ॲरे लिहिला, तेव्हा त्यातल्या पहिल्या घटकाचा क्रमांक शून्य होता. का, हे कुणी सांगितलं नाही. तळमजल्यावर वाढलेल्या मुलीला ते विचारावंसंही वाटलं नाही. पहिला मजला एक जिना चढल्यावरच लागतो. पुढे नोकरीत जावा आली, मग पायथन. तिथेही शून्यच. हा संगणकाचाच स्वभाव आहे, असं ती धरून चालली.

मग पावसाच्या आकडेवारीचं काम आलं, आणि ते आर भाषेत होतं. जानेवारी ते डिसेंबर, बारा आकडे. तिने हाताच्या सवयीने कंसात उणे एक लिहिलं. पायथनमध्ये त्यावर शेवटचा घटक मिळतो, म्हणजे डिसेंबर. आरने अकरा आकडे समोर ठेवले: फेब्रुवारी ते डिसेंबर. आरमध्ये मोजणी एकापासून, आणि उणे म्हणजे ‘हा वगळून बाकीचे’. शून्य लिहून पाहिलं, तर रिकामी यादी आली. चूक झाल्याची साधी सूचनाही नाही. हेच उणे एक सीमध्ये लिहिलं, तर ॲरेच्या अलीकडच्या परक्या जागेत हात जातो आणि तिथे काय सापडेल याची भाषा हमी देत नाही.

त्या दुपारी तिला सी खऱ्या अर्थाने कळली.

सीमधला तो आकडा म्हणजे सुरुवातीच्या पत्त्यापासून किती घरं पुढे जायचं, ते अंतर. पहिल्या घरासाठी चालावंच लागत नाही, म्हणून शून्य. गणिती सूत्रांसाठी घडलेल्या, 1957 सालच्या फोरट्रानमध्ये मोजणी एकापासून. पास्कलने तर निर्णय लिहिणाऱ्यावरच सोडला. तिथे ॲरे 1950पासून 2000पर्यंतही मोजता येतो. सालवार पावसासाठी याहून सोयीचं काय! इतकी वर्षं जो नियम वाटला, तो कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय होता.

एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1982 साली एका छोट्या टिपणात शून्याची बाजू मांडली. पहिला आकडा धरायचा, शेवटचा सोडायचा. वजाबाकी केली की घटकांची संख्या हाती येते, आणि शून्यापासून मोजलं तर सोडलेला आकडाच ती संख्या असतो. त्यांनी दाखला दिला तो मेसा भाषेचा. तिच्यात मर्यादेचं प्रत्येक टोक धरायचं की सोडायचं, याच्या चारही पद्धती होत्या आणि बाकीच्या तिन्हींनी चुका वाढवल्या होत्या.

सध्या ती ज्युलिया शिकते आहे. 2012 साली लोकांसमोर आलेल्या या भाषेतही मोजणी एकापासूनच सुरू होते.