पाच चवींचे लाल शरबत

दक्षिण कोरियाच्या उत्तर ग्योंगसांग प्रांतात मुनग्योंग नावाचे डोंगराळ शहर आहे. जोसन राजवटीच्या काळात दक्षिणेकडून राजधानीला जाणारा हमरस्ता इथल्या खिंडीतून जात असे. सरकारी नोकरीच्या परीक्षेला निघालेले तरुण ही खिंड पायी ओलांडत. वाटेवरचे तीन जुने दरवाजे आजही उभे आहेत. सुमारे साडेसहा किलोमीटरच्या या वाटेवर लोक मुलाबाळांसह फिरायला येतात. आम्ही सप्टेंबरात गेलो, तेव्हा पायथ्याच्या दुकानांत टोपल्या भरभरून लाल घोस मांडलेले होते. ते होते ओमिजा.

'ओ' म्हणजे पाच आणि 'मि' म्हणजे चव. डोंगरातल्या वेलीवर हे वाटाण्याएवढे फळ घोसाने लागते. साल गोडसर, गर आंबट, बी कडू आणि तिखट, आणि या सगळ्यांमागे हलकासा खारटपणा. पहिल्या घोटाला आंबट लागते. बाकीच्या चवी मागाहून एकेक येतात.

सोलमध्ये इतेवॉनच्या चढावर १९७६ साली सुरू झालेली मशीद आहे. तिच्या आसपास हलाल खाणावळी आणि दुकाने असल्याने खाण्यापिण्याची काळजी नसते. मुनग्योंगसारख्या ठिकाणी मात्र बाटली आपणच पारखावी लागते. ओमिजाचे शरबत लाल आणि ओमिजाची दारूही लाल. दोन्ही एकाच फळीवर. आम्ही एक खूण लक्षात ठेवली. नावाच्या शेवटी 'जू' असेल तर ती दारू. 'चोंग' म्हणजे साखरेतला पाक, आणि 'चा' म्हणजे आपल्या चहाचाच भाऊबंद शब्द. तरीही बाटलीवरचा मजकूर फोनवर भाषांतर करून वाचल्याशिवाय आम्ही काही घेतले नाही.

दुकानातल्या आजींनी आधी छोट्या पेल्यात दारूच पुढे केली. कोरियात वडीलधाऱ्यांनी दिलेला पेला नाकारणे अवघड वाटते. आम्ही मुस्लिम आहोत, दारू पीत नाही, हे फोनवरच लिहून दाखवले. आजींनी ते वाचले, मान डोलावली, पेला बाजूला ठेवला आणि थंडगार ओमिजा चा दोन्ही हातांनी पुढे केला. नकारही पोचला आणि पाहुणचारही राहिला.

हा चा घरी कसा करायचा, तेही त्यांच्याकडूनच कळले. तिथली नेहमीची रीत चोंगची. एक किलो ताज्या फळाला एक किलो साखर घालून बरणी सुमारे शंभर दिवस ठेवायची, मग गाळून पाण्यात मिसळून प्यायचे. कोकणातल्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून आपण अमृत कोकम करतो ते असेच. पण साखर कमी पडली आणि उष्णता वाढली, तर बरणीत बुडबुडे येतात, फळ आंबू लागते आणि शरबताची दारूकडे वाटचाल सुरू होते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात शंभर दिवसांची ही जोखीम आम्हाला नको वाटली.

म्हणून आम्ही सुकी फळे आणली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवत आणि ते पाणी मुदतीतच पिऊन संपवले जाई, हे सहीह मुस्लिममधील हदीसींमधून आपल्याला माहीत आहे. तिसऱ्या दिवसापलीकडे ते ठेवून पीत नसत. ओमिजासाठी आम्ही हाच नियम धरला.

कृती सोपी आहे. सुमारे ४० ग्रॅम सुकी फळे एकदा धुवून काचेच्या भांड्यात घ्यावीत. त्यावर उकळून पूर्ण गार केलेले एक लिटर पाणी ओतावे. गरम पाणी घालू नये. बियांचा कडूपणा आणि तुरटपणा उतरतो. झाकून रात्रभर, दहा-बारा तास, फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी पाणी माणकासारखे लाल होते. मलमलच्या कापडातून गाळावे, फळे पिळू नयेत. साखरेचा गार पाक किंवा मध चवीप्रमाणे मिसळावा. कोरियन लोक वरून नासपतीच्या पातळ चकत्या आणि चिलगोजासारखे पाइन नट सोडतात. आपल्याकडे साधी नासपती पुरते. दोन दिवसांत संपवावे. फेस आला किंवा वास बदलला, तर ओतून द्यावे.

ओमिजा तिकडे औषधातही वापरतात. म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि रोजची औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी इफ्तारच्या दस्तरखानावर एकदा जरूर ठेवून पाहावे. मुलांना पाच चवी ओळखायला सांगा. खारट चव कोणाला आधी सापडते यावर आमच्या घरी अजून वाद चालतो.