एक किलोमीटरवर कोण राहतं?

मंचरच्या अभ्यासशिबिरात जेवणानंतर नारायणगावकडचा एक पोरगा आम्हाला बाजूला घेऊन गेला. डेटिंग ॲपवर त्याची गावातल्याच एका मुलीशी ओळख झाली होती. त्याने आडनाव टाकलं नव्हतं, फोटोही पाठमोरा. तरी तिचा चुलतभाऊ बौद्धवाड्यात येऊन त्याची चौकशी करून गेला. "दादा, मी तर कुणालाच काही सांगितलं नव्हतं."

सांगितलं ॲपने. नंतर कळलं, भावाने खोटं प्रोफाइल काढून एसटी स्टँड, डेअरी आणि शाळेजवळून याचं अंतर पाहिलं होतं. तीन ठिकाणांहून अंतर मिळालं, की तिन्ही वर्तुळं जिथे छेदतात तिथे माणूस सापडतो. 2014 मध्ये टिंडरमधला असाच दोष उघड झाला. 2024 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी 15 ॲप तपासली, तर 6 मध्ये जवळपास अचूक ठिकाण काढता येत होतं. ते दोष दुरुस्त झाले, पण अंतर दाखवणं थांबलेलं नाही.

पुण्यात एका किलोमीटरमध्ये हजारो माणसं असतात. जुन्नर-आंबेगावात तेवढ्यात मराठा आळी, मंदिर, ओढा आणि ओढ्यापलीकडे आपला वाडा येतो. गावं जातीनुसार वसलेली आहेत. म्हणून इथे अंतर कळलं की जात कळते. पुढे काय होतं हे शेजारच्या नगर जिल्ह्याने दाखवलंय. सोनई 2013, खर्डा 2014.

"ॲप काढून टाक," असं आम्हीही आधी म्हणालो. रात्री त्याची लाज वाटली. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असं बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडलं. मग आपल्या पोरांना प्रेमापासून दूर ठेवून आपण कुणाचं काम करतोय?

तेव्हा एवढं करा. ॲपमध्ये अंतर लपवा. मोबाइलमध्ये 'अचूक लोकेशन' बंद करा. घरी ॲप उघडू नका. पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी ठेवा आणि एका भरवशाच्या मित्राला कळवून जा. धमकी आली तर स्क्रीनशॉट जपा, 112 ला फोन करा, कार्यकर्त्यांना सांगा. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा आदेश आहे. तो दाखवून पोलिसांकडे संरक्षण मागा.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे न्यायालयाने 2017 मध्येच मान्य केलंय. कंपन्यांनी खेड्यात अंतर दाखवूच नये, ही मागणी आपणच लावून धरायला हवी. शहरातल्यांना हा प्रश्न दिसणार नाही.

तो पोरगा सध्या चाकणला कामाला आहे. सहा महिने गावी गेलेला नाही.

जय भीम!